शिरस्ता आणि अर्थलोप

कॅड ड्रॉइंगांचे कार्यालयीन मानक म्हणजे बारीकसारीक ठरावांचा एक संच. भिंतीची रेघ कोणत्या लेयरवर काढायची, ती पडद्यावर कोणत्या रंगात दिसेल, कागदावर किती जाड उमटेल, अक्षरांची उंची किती, टायटल ब्लॉक शीटच्या कोणत्या कडेला, फाइलला नाव कसे द्यायचे, हे सगळे त्यात ठरलेले असते. यातला एकही ठराव निसर्गनियम नाही. भिंत पिवळ्या रेघेने काढली म्हणून इमारत पक्की होत नाही आणि हिरव्या रेघेने काढली म्हणून ढासळत नाही. तरीही आर्किटेक्टच्या किंवा आरसीसी कन्सल्टंटच्या कार्यालयात वीस-पंचवीस वर्षे चालत आलेला असा एखादा ठराव बदलायचा विषय निघाला की चर्चा रेघांवरून पटकन तत्त्वांवर जाते. एक बाजू म्हणते, आजवर काही अडले नाही. दुसरी म्हणते, जग कुठल्या कुठे गेले. वाद लेयरच्या नावाचा असतो, पण त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न असतो: माणसांनीच केलेला नियम पुढच्या माणसांना कशाच्या बळावर बांधतो, आणि ते बळ केव्हा संपते?

अशा नियमाला मराठीत शिरस्ता म्हणतात. शब्द फारसीतला, 'सररिश्ता' या रूपातून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ दोऱ्याचे टोक. टोक हाती असले की दोरा उलगडतो, हरवले की गुंता होतो. कार्यालयीन मानकांची बहुतेक भांडणे टोक हरवल्यानंतरची असतात. नियम समोर असतो. तो का केला हे सांगणारा निवृत्त झालेला असतो.

रंग आणि रेघेची जाडी यांच्या नात्याचा नियम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले. त्या काळी ड्रॉइंग कागदावर उतरवणारे यंत्र म्हणजे पेन प्लॉटर. त्यात वेगवेगळ्या जाडीची पेने ओळीने लावलेली असत आणि यंत्राचा हात त्यांतले एकेक उचलून रेघ ओढत असे. यंत्राला जाडी कळत नसे, पेनाचा क्रमांक कळे. म्हणून पडद्यावरच्या रंगालाच पेनाचा क्रमांक मानण्याची सोय झाली: रंग १ लाल, २ पिवळा, ३ हिरवा, ४ आकाशी, ५ निळा, ६ किरमिजी, ७ पांढरा. लाल रेघ लाल दिसावी म्हणून लाल नव्हती. पहिल्या खोबणीतले पेन उचलले जावे म्हणून ती लाल होती. ट्रेसिंगवर हाताने काम केलेल्या ड्राफ्ट्समनांना असा संकेत अपरिचित नव्हता. त्यांच्या शाईच्या पेनांवरही जाडीनुसार रंगीत कडे असे, ०.३५ ला पिवळे, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळे. फक्त या दोन रंगपद्धतींचा एकमेकींशी मेळ नव्हता.

पुढे इंकजेट प्लॉटर आले आणि पेने गेली. १९९९ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००० ने रेघेची जाडी हा रेघेचाच स्वतंत्र गुण केला. रंगावरून जाडी ठरवण्याची जुनी रीत सीटीबी फाइलच्या रूपाने ठेवली, आणि तिच्याशेजारी नावाने जाडी ठरवणारी एसटीबी ही दुसरी पद्धत दिली. यानंतर रंगाने जाडी सांगण्याची तांत्रिक गरज उरली नाही. तरी आजही असंख्य कार्यालयांत सीटीबीच चालते. नव्याने रुजू झालेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात हा रंग म्हणजे ०.१८, तो म्हणजे ०.३५ हे पाढ्यासारखे पाठ करावे लागते, आणि ज्या यंत्रासाठी हे पाढे झाले ते यंत्र त्याने कधी पाहिलेले नसते.

असे अवशेष आणखीही आहेत. ऑटोकॅड २००० पूर्वी लेयरचे नाव ३१ अक्षरांपलीकडे जात नसे आणि त्यात मोकळी जागा चालत नसे. त्यामुळे स्वरगाळ लघुरूपे रूढ झाली आणि मर्यादा २५५ अक्षरांवर गेल्यावरही टिकली. पेनाने ओढायला सोपे म्हणून एकेरी रेघेचे फॉन्ट आले, ते अजून कित्येक टेम्प्लेटांत आहेत. कागदावर २.५ मिमीचे अक्षर हवे म्हणून १:१०० च्या ड्रॉइंगमध्ये ते २५० उंचीने लिहायचे हा गुणाकार ऑटोकॅड २००८ मधल्या अ‍ॅनोटेटिव्ह मजकुराने अनावश्यक केला. गुणाकार मात्र चालू आहे.

इतक्यावरून सुधारकाची बाजू जिंकली असे वाटेल. पण एखाद्या नियमाचे मूळ सांगणे आणि त्याची वैधता तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने म्हणून योग्य, हे म्हणणे जितके पोकळ तितकेच, ज्या कारणाने सुरू झाले ते कारण आता नाही म्हणून निरर्थक, हेही घाईचे. पहिल्यात वयाला प्रमाण मानले जाते, दुसऱ्यात जन्मकथेला. नियम आज काय करतो हा प्रश्न दोघेही टाळतात.

नियम कशाच्या बळावर बांधतो याचा भारतीय परंपरेत सर्वांत चिकाटीने विचार केला तो पूर्वमीमांसेने. जैमिनींची सूत्रे बारा अध्यायांची, त्यांवर शबरस्वामींचे भाष्य आणि त्यावर कुमारिल भट्टांचे विवेचन. विषय यज्ञाचा, पण रीत नियमांचा अर्थ लावण्याची, त्यामुळे धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी आणि पुढे न्यायालयांनीही ती वापरली. विसाव्या शतकात या शास्त्राचे मोठे काम वाईच्या प्राज्ञपाठशाळेत झाले. केवलानंद सरस्वतींचा 'मीमांसाकोश' तिथला. कार्यालयाची मानकपुस्तिका म्हणजे वेद नव्हे, हे सांगायला नको. मीमांसक वेदाला कर्ता मानत नाहीत, आणि लेयरची यादी कोणी केली हे बहुधा सगळ्या मजल्याला ठाऊक असते. त्यामुळे इथे उसनी घ्यायची ती नियम तपासण्याची रीत तेवढी.

ती रीत एका भेदापासून सुरू होते: काही कृतींचे फळ डोळ्यांना दिसते, काहींचे दिसत नाही. पहिल्या दृष्टार्थ, दुसऱ्या अदृष्टार्थ. यज्ञातल्या पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या रोटीसाठी, भात कांडायचा असतो. कांडण्याचे फळ दिसते, कोंडा निघतो. पण कोंडा नखांनी सोलूनही निघेल. मग कांडण्याचीच आज्ञा कशाला? मीमांसकांचे उत्तर असे की जिथे एकाच फळाकडे जाणाऱ्या वाटा अनेक, तिथे आज्ञा त्यांतली एक नक्की करते. अशा आज्ञेला नियमविधी म्हणतात. मुळात ठाऊकच नसलेली गोष्ट सांगणारा तो अपूर्वविधी. हा त्याहून वेगळा. नियमविधी नवे फळ सांगत नाही, वाट बांधून देतो.

ड्रॉइंगची बहुतेक मानके याच जातीची आहेत. भिंत आणि फर्निचर यांच्या रेघा वेगळ्या जाडीच्या दिसाव्यात हे फळ. ते रंगाने साधता येते, नावाने येते, रेघेला थेट जाडी देऊनही येते. कार्यालय त्यांतली एक वाट धरते. जी माणसे मानकाला केवळ कोणाची तरी आवड समजतात त्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते. वाटा सारख्याच चांगल्या असतात तेव्हाच नियमाची गरज पडते; एखादी उघडपणे सरस असती तर सगळे न सांगताच तिने गेले असते.

याच भाताची गोष्ट दहाव्या अध्यायात पुढे जाते, आणि प्रस्तुत प्रश्नाला ती सर्वांत जवळची आहे. दर्शपूर्णमास हा नमुन्याचा यज्ञ, प्रकृती. त्याच्यावरून बेतलेले यज्ञ म्हणजे विकृती. त्यांत वेगळे काही सांगितले नसेल तर नमुन्याचेच तपशील ओढून घ्यायचे. कॅडच्या भाषेत प्रकृती म्हणजे टेम्प्लेट आणि विकृती म्हणजे त्यावरून उघडलेली प्रत्येक नवी फाइल. आता दीर्घायुष्यासाठी करायच्या एका विकृतीत तांदळाऐवजी सोन्याचे शंभर बारीक तुकडे असतात, त्यांना कृष्णल म्हणतात. नमुन्यानुसार धान्य कांडायचे. सोने कांडायचे का? मीमांसा म्हणते, नाही. कांडणे कोंडा काढण्यासाठी होते. सोन्याला कोंडा नाही. हेतूच उरला नाही तिथे कृती गळते. या गळण्याला बाध म्हणतात आणि त्याचे कारण अर्थलोप.

कर्मकांडाचे सर्वांत कट्टर समजले जाणारे शास्त्र इतक्या निर्विकारपणे एक विधी वगळते हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पेन प्लॉटर म्हणजे कोंडा, असे धरले तर रंगाचा नियम गळायला हरकत दिसत नाही. पण पुढच्याच पादात शास्त्र उलट बाजूने थांबवते. ते सोन्याचे तुकडे तुपात शिजवायचे का? सोने शिजत नाही, म्हणजे हेतू इथेही लुप्त. तरी ते शिजवायचे, असा निर्णय आहे, कारण हे शिजवणे नमुन्यावरून ओघाने आलेले नाही. या कर्मासाठी ते थेट सांगितले आहे. ओघाने आलेला नियम हेतू संपताच सुटतो. थेट आज्ञेने आलेला नियम हेतू न दिसताही राहतो.

हा भेद कार्यालयात रोज लागू पडतो. महापालिकेत मंजुरीला जाणाऱ्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे काम पिवळ्या हॅचने आणि सांडपाण्याच्या वाहिन्या लाल तुटक रेघेने दाखवायच्या, असे रंगसंकेत विकास नियंत्रण नियमावल्यांतून आलेले आहेत. पुणे महापालिकेत वापरात आलेल्या ऑटोडीसीआरसारख्या प्रणाली तर ड्रॉइंग ठरलेल्या लेयरांवर असेल तरच ते तपासू शकतात. या नियमांच्या शहाणपणाबद्दल ड्राफ्ट्समनचे मत काहीही असो, ते कार्यालयाच्या हातात नाहीत. म्हणून मानकांच्या फेरविचाराचे पहिले काम म्हणजे यादीतले कोणते नियम बाहेरून थेट आलेले आणि कोणते जुन्या टेम्प्लेटवरून ओघाने वाहत आलेले, हे वेगळे काढणे. प्रत्यक्षात हे दोन्ही एकाच पानावर, एकाच टायपात छापलेले असतात, आणि निम्मा गोंधळ तिथला.

ओघाने आलेल्या नियमांतही काहींचे कारण सापडतच नाही. स्मृतिग्रंथातल्या ज्या नियमाला वेदात आधार मिळत नाही त्याबद्दल मीमांसकांचे गृहीतक उदार आहे: आधार असणार, आपल्यापर्यंत पोचला नाही इतकेच. म्हणजे लुप्त श्रुतीचे अनुमान. इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९२९ मध्ये रस्त्यातल्या कुंपणाचा दाखला देऊन याच्या जवळपासचे म्हणणे मांडले: कुंपण का घातले हे कळत नाही म्हणून ते काढायला निघालेल्याने आधी ते का घातले ते शोधून यावे. रेघांच्या जाड्या ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशाच का, ०.२, ०.३, ०.४ अशा सरळ का नाहीत, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर कागदात आहे. या मालिकेतली प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी. ए मालिकेच्या कागदांच्या बाजूही त्याच पटीने वाढतात. त्यामुळे ए१ चे ड्रॉइंग अर्धे करून ए३ वर काढले तर ०.७ ची रेघ ०.३५ होते आणि ०.५ ची ०.२५, सगळ्या पुन्हा मालिकेतल्याच. 'सोयीसाठी' आकडे सरळ करणारा ही शिवण उसवून टाकतो, आणि ते त्याला साइटवर ए३ प्रिंट वाचता येत नाही अशी तक्रार आल्यावर कळते.

पण मीमांसकांच्या उदारपणाला एक कुंपण आहे. नियमामागे उघड लौकिक हेतू दिसत असेल तर लुप्त श्रुतीचे अनुमान करायचे नाही. वैसर्जन नावाच्या होमातले वस्त्र अध्वर्यूने घ्यावे, असा एक नियम होता. शबरस्वामी म्हणतात, याचे मूळ वेदात शोधण्याचे कारण नाही. लोभ पुरेसा आहे. ऋत्विजाला कापड हवे होते. कार्यालयांतही असे नियम असतात. एखाद्या ज्येष्ठाने स्वतःपुरते लिहिलेले लिस्प रुटीन चालावे म्हणून सगळ्यांनी विचित्र ब्लॉकनावे सांभाळायची, किंवा फाइलींची रचना अशी की एका माणसाशिवाय कोणाला काही सापडू नये. नवे मानक आणू पाहणाऱ्याच्या मागेही लोभ असू शकतो, हे इथे जोडायला हवे. पुस्तिकेवर आपले नाव यावे ही इच्छा वस्त्राच्या इच्छेहून फार वेगळी नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला तर दर वर्षी जग बदलावेच लागते.

इथपर्यंत कसोटी सोपी वाटते. बाहेरची आज्ञा असेल तर पाळावी, लोभ असेल तर सोडावे, कारण न सापडल्यास शोधावे, कारण संपले असल्यास गळू द्यावे. अडचण शेवटच्या पायरीवर येते. सोन्याला कोंडा नाही हे एका दृष्टिक्षेपात दिसते. नियमाचा हेतू संपला हे मात्र तसे दिसत नाही, कारण नियम चालता चालता दुसरे हेतू कमावतो.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये याचे एक साधे उदाहरण दिले. दोन माणसे नाव वल्हवतात. त्यांनी एकमेकांना वचन दिलेले नसते, तरी वल्ही एका लयीत पडतात. डेव्हिड लुईस यांनी १९६९ च्या 'कन्व्हेन्शन' या पुस्तकात हा धागा पुढे नेला: संकेत टिकतो तो इतर तो पाळतील या प्रत्येकाच्या अपेक्षेवर. तो आणखी कुठल्या कारणाने चांगला असण्याची गरज नसते. प्रक्षेपाचे फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल हे दोन प्रकार असेच आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या १९८८ च्या एसपी ४६ ने फर्स्ट अँगल स्वीकारला. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो आणि अमेरिकी ग्राहकाचे काम घेणारा पिंपरी-चिंचवडचा कारखाना तोच वापरतो. दोन्हींत भूमिती तीच. खोट तेव्हाच निघते जेव्हा काढणाऱ्याने एक धरलेला असतो आणि वाचणाऱ्याने दुसरा. मग भोक जॉबच्या उलट्या बाजूला पडते.

रंगाच्या नियमाकडे आता पुन्हा पाहिले तर चित्र बदलते. पेन गेले, पण मधल्या तीस वर्षांत ड्राफ्ट्समन रंग वाचायला शिकले. पडदा उघडताच कोणती रेघ कापलेल्या भिंतीची, कोणती मागे दिसणाऱ्या कठड्याची, हे त्यांना लेयरचे नाव न बघता कळते. चुकीच्या लेयरवर गेलेली खिडकी रंगानेच खुपते. ज्या नियमाने यंत्राशी बोलायचे होते तो माणसांची आपापसातली भाषा झाला. शिवाय आरसीसी कन्सल्टंट, प्लंबिंगवाला, बाहेरचे प्रिंटिंगचे दुकान यांच्यापर्यंत ती भाषा पोचली. म्हणून अर्थलोपाची कसोटी दोनदा लावावी लागते, एकदा मूळ हेतूला आणि एकदा कमावलेल्या हेतूला. पहिल्या कसोटीवर सीटीबी निकालात निघते. दुसरीवर ती पुष्कळ ठिकाणी तरते. लेयरच्या स्वरगाळ नावांचे तसे नाही: ती नव्या माणसाला वाचता येत नाहीत, जुन्याला आठवावी लागतात, आणि बाहेरच्याला प्रत्येक वेळी फोनवर समजावून द्यावी लागतात. दोन्ही नियम एकाच वयाचे, निकाल वेगळा. यावरून मानके बदलावीत का या घाऊक प्रश्नाला घाऊक उत्तर नाही इतके स्पष्ट व्हावे. तो प्रश्न नियमागणिक विचारावा लागतो, आणि जुन्या नियमाला वयामुळे मिळते ते सुनावणीत आधी बोलण्याचे हक्काचे स्थान. निकालात त्याला झुकते माप मिळण्याचे कारण नाही.

बदल ठरल्यावर मधला मार्ग म्हणून हमखास सुचवला जातो तो असा: दोन्ही चालू द्या, ज्याला जे जमेल ते. मीमांसक विकल्पाला सहज राजी होत नाहीत. यज्ञात तांदूळ वा जव असा विकल्प त्यांना मान्य आहे, पण विकल्पाला आठ दोष लागतात असे ते म्हणतात, आणि दुसरा काही इलाज असेपर्यंत तो टाळतात. दोषांचे सार असे की एकीकडे वळताना दुसऱ्या वचनाचे प्रामाण्य सोडावे लागते आणि पुढच्या वेळी तेच परत उचलावे लागते. विकल्प घेतला तरी तांदळाने सुरू केलेला प्रयोग तांदळानेच संपवायचा. कॅडमध्ये याला तांत्रिक पाठबळही आहे: एक ड्रॉइंग एका वेळी रंगाच्या पद्धतीचे असते किंवा नावाच्या, दोन्हींचे नाही. अर्धे कार्यालय इकडे आणि अर्धे तिकडे गेले की एका प्रकल्पाच्या शीट एकमेकींत जोडताना जाड्या बिघडतात, आणि मुदतीच्या आदल्या रात्री कोणी तरी बसून त्या हाताने दुरुस्त करतो. दोन शिरस्ते असणे हे शिरस्ता नसण्याहून वाईट ठरते, कारण प्रत्येक जण आपण नियम पाळतो आहोत अशा खात्रीने चुकतो.

विकल्प नको तर बदल एका ठरलेल्या क्षणी व्हावा लागतो. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ च्या रविवारी पहाटे पाचला डावीकडून उजवीकडे गाड्या चालवायला सुरुवात केली. बारा वर्षांपूर्वी, १९५५ च्या जनमतात, सुमारे ८३ टक्के मतदारांनी या बदलाला नकार दिला होता. बदलाची कारणे मात्र ठाम होती: शेजारी देश उजवीकडून चालत होते, आणि स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचे स्टिअरिंग आधीपासूनच डाव्या बाजूला होते. रस्त्यावर हळूहळू बदल अशक्य असतो. कार्यालयात तो शक्य असतो, पण त्याचे एकक प्रकल्प असावे लागते. सुरू केलेले काम्य कर्मही पूर्ण करावेच असे मीमांसा सांगते, इच्छा मावळली तरी. चालू प्रकल्प जुन्या मानकाने पूर्ण करावा आणि नवा प्रकल्प नव्या टेम्प्लेटवर उघडावा, हा व्यवहारी सल्ला त्याच ओळीतला आहे. बारा मजली इमारतीचे सहा मजले जुन्या लेयरनावांत आणि सहा नव्यात असले तर साइट इंजिनिअरला दोन इमारती बांधाव्या लागतात.

अर्थलोपाने नियम सोडल्याचा एक दाखला मराठी वाचकाच्या रोजच्या परिचयाचा आहे. जुन्या मराठीत उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्ती दाखवणारे अनुस्वार लिहीत असत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले तेव्हा ते गेले. उच्चारातला अनुनासिक केव्हाच नाहीसा झाला होता. खूण तेवढी उरली होती. त्या अनुस्वारांनीही दरम्यान काही हेतू कमावला होता, काही रूपे डोळ्यांना वेगळी दिसत, आणि तो तोटा व्याकरणकार अजून बोलून दाखवतात. तरी शिकवण्याचा भार फायद्याहून मोठा ठरला. जुनी पुस्तके कोणी नव्याने लिहून काढली नाहीत. ती वाचता येतात. याउलट मोजमापाचे. भारतात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, आणि सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. पण जमिनीचा सौदा बोलताना एकर-गुंठेच येतात आणि फ्लॅट चौरस फुटांत विकला जातो. मंजुरीचे नकाशे मीटरमध्ये, वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि सुताराच्या तोंडी फूट-इंच, अशी तिहेरी व्यवस्था महाराष्ट्रातले बांधकाम बिनबोभाट चालवते. आज्ञेने लिखाण बदलते, बोलणे आपल्या गतीने येते किंवा येतच नाही. ज्या बदलाला सगळ्यांच्या हाताची आणि जिभेची सवय मोडावी लागते, त्याला परिपत्रक पुरत नाही.

उरतो अधिकाराचा प्रश्न. मीमांसेत होलाकाधिकरण म्हणून एक चर्चा आहे. होलाका हा सण पूर्वेकडचे लोक करतात. मग तो फक्त त्यांच्यापुरता बंधनकारक की सर्वांना? निर्णय असा की आचारामागे नियम मानायचा तर तो सर्वांसाठीच मानावा लागेल. एका दिशेला राहणाऱ्यांपुरता नियम असे अनुमान करता येत नाही. एखाद्या शाखेची किंवा एखाद्या टीमची पद्धत चांगली चालते तेव्हा तिच्याबद्दलही दोनच प्रामाणिक पर्याय असतात: तिच्यामागे नियम आहे असे म्हणायचे असेल तर तो सगळ्यांना लावून पाहावा, नाही तर ती तिथली सवय आहे असे मान्य करावे. लावून पाहताना ज्यांच्यावर भार पडणार त्यांना विचारले जाते का, हा मुद्दा मीमांसेत नाही. कार्यालयात तो सर्वांत मोठा आहे. मानक ठरवणारे बहुधा भागीदार किंवा बीआयएम मॅनेजर असतात. त्या मानकाने दिवसाचे आठ तास काम करणारा ड्राफ्ट्समन ठरावाच्या बैठकीत नसतो. त्याचा विरोध हा आळस म्हणून मोजला जातो, जरी बोटांना पाठ झालेल्या शेकडो हालचालींची किंमत फक्त त्यालाच माहीत असते. ह्यूमच्या नावेत दोघेही वल्हवत होते.

जुन्या फाइलींचे काय करायचे हा भाग शेवटी राहतो आणि बहुधा राहूनच जातो. लेयर ट्रान्सलेटरने जुनी नावे नव्यात बदलता येतात, रंगाच्या पद्धतीचे ड्रॉइंग नावाच्या पद्धतीत नेण्याच्या आज्ञाही ऑटोकॅडमध्ये आहेत. पण संपलेल्या प्रकल्पाला नवे कपडे चढवण्यात धोका आहे: साइटवर गेलेली, सही-शिक्क्याची शीट आणि संगणकातली फाइल एकमेकींशी जुळेनाशी होतात. संपलेली कामे होती तशी ठेवावीत. त्यांच्याबरोबर त्या काळची सीटीबी फाइल, फॉन्ट आणि लेयरांची यादी एकाच फोल्डरमध्ये असावी, आणि यादीच्या माथ्यावर कोणता नियम कधी बदलला व का, हे दोन ओळींत लिहिलेले असावे. इमारत सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्यांपेक्षा जास्त जगते. तीस वर्षांनी गळती किंवा पुनर्विकासाच्या निमित्ताने ते ड्रॉइंग कोणी उघडेल तेव्हा लाल रेघ म्हणजे किती, हे सांगायला आजचे कोणी तिथे नसेल.